तिखट की गोड?

सांगलीकडे भोंडल्याला हादगा म्हणतात. २७ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात जातो आणि हादगा बसतो. घरी भिंतीवर समोरासमोर सोंडा उंचावलेल्या हत्तींचा छापील कागद चिकटवायचा, त्याला फळांच्या माळा घालायच्या. पहिल्या दिवशी एक गाणं नि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. शाळेला एवढी सवड कुठली? तिथे एका शनिवारीच सगळा हादगा उरकायचा. सकाळची शाळा, दोन तास कसेबसे व्हायचे आणि मधल्या सुट्टीनंतर दप्तरं बंद.

मुलांना पाट आणण्यापुरतं आणि बाकं सरकवण्यापुरतं बोलवायचे, मग हाकलून द्यायचे. ती जायची नाहीत. खिडक्यांच्या गजांना लटकून आमच्या गाण्यांना वेडेवाकडे सूर लावायची, कारण उरलेली खिरापत शेवटी त्यांच्याच वाट्याला येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं.

चित्रकलेच्या बाई पाटावर खडूनं हत्ती काढायच्या. झेंडूची फुलं वाहून झाली की फेर सुरू. पहिलं गाणं गणेशाचं, मग ओळीनं सासर-माहेरची. आज हसू येतं. पाचवी-सहावीतल्या आम्ही पोरी सासूच्या जाचाची गाणी घसा फोडून म्हणत होतो, आणि ज्यांना खरोखर सासू होती त्या बाई भिंतीशी उभ्या राहून नुसत्या टाळ्या वाजवायच्या. दोन-तीन गाणी झाली की मात्र पदर खोचून त्याही फेरात शिरायच्या आणि आम्हाला माहीत नसलेली कडवी म्हणायच्या. पी.टी.च्या बाईंचा आवाज तर सगळ्यांत चढा. हस्ताचा पाऊस ऐन वेळी गडगडाट करत यायचाच. मग पाट उचलून व्हरांड्यात पळायचं. तिथे फेर इतका चेपायचा की पुढचीच्या वेणीचा फटका मागचीच्या तोंडावर.

खरी मजा खिरापत ओळखण्यात. डबा पाठीमागे धरून एकेक मुलगी पुढे यायची आणि प्रश्नांची सरबत्ती व्हायची. तिखट की गोड? ओली की कोरडी? तळलेली की भाजलेली? मग डबा कानाशी हलवून दाखवायचा. खळखळला तर भडंग किंवा चिरमुऱ्याचे लाडू, थबथबला तर उसळ. वस्ताद मुली डब्यात फडकं कोंबून आणायच्या, म्हणजे आवाजच नको. काहींच्या आया तर पोरीलाही आत काय आहे ते सांगायच्या नाहीत, तोंडातून फुटेल म्हणून. गूळपापडी, वाटली डाळ, दडपे पोहे ही नावं पहिल्या दमात बाहेर पडायची. हमखास ओळखू येणारी खिरापत आणणारीकडे आम्ही जरा कीव आल्यासारखं बघायचो, आणि खाताना मात्र तीच आधी संपवायचो.

सहावीत असताना वर्गात नागपूरची एक मुलगी आली, वडिलांची बदली झाली म्हणून. तिला हत्तीचंच नवल. त्यांच्याकडे भुलाबाई असते, शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती मांडतात, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून थेट कोजागिरीपर्यंत पोरी संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत हिंडतात, हे ती सांगायची आणि आम्हाला ती थापा मारतेय असं वाटायचं. महिनाभर रोज खिरापत? फेरात तिची चाल वेगळी पडायची, शब्दही. तिच्या शेजारच्या दोघी मग ठेचकाळायच्या.

तिचा डबा निघाला. तिखट. तळलेली. आवाज जेमतेम. “कोथिंबीरवडी!” “नाही.” “अळूवडी!” “नाही.” “बाकरवडी!” तिनं क्षणभर विचार केला आणि मान हलवली. शंकरपाळ्यांपासून मिरचीच्या भज्यांपर्यंत सगळं म्हणून झालं. शेवटी सगळ्यांनी एका सुरात “हरलो!” म्हटलं तेव्हा तिनं झाकण काढलं.

आत बोटभर लांब, जाडसर, तांबूस वड्या. “ही बाकरवडीच की! चीटिंग!” एकच गिल्ला झाला. ती रडवेली होऊन सांगत होती, ही पुडाची वडी, बाकरवडी नव्हे. प्रकरण बाईंकडे गेलं. बाईंनी एक वडी मोडली. आत नुसती हिरवीगार कोथिंबीर, खसखस, सुकं खोबरं, वरून बेसनाची खुसखुशीत पारी. त्यांनी अर्धी खाल्ली, मग उरलेली अर्धीही खाल्ली आणि निकाल दिला, “बाकरवडी कोरडी असते, महिनाभर टिकते. ही उद्यापर्यंतसुद्धा राहायची नाही. ती जिंकली.”

उद्यापर्यंत कशाला, खिडकीतल्या मुलांपर्यंतही ती वडी पोचली नाही. पुढच्या हादग्याला आमच्यातल्या तिघी-चौघींच्या डब्यांतून पुडाची वडी निघाली. सगळ्यांच्या तेलात उकललेल्या, आणि सगळ्या पहिल्याच प्रश्नाला ओळखल्या गेल्या.