लाल डागाचा भाव

सेंट्रल पार्कच्या फेरीनंतर आमचा जो कट्टा बसतो, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांकडे हिंदुस्थान कॉपरचे शेअर आहेत. खारघरकरांना ही कंपनी घरची वाटते, कारण तिचा एक कारखाना शेजारी तळोज्याच्या एमआयडीसीत आहे. आमच्यातले एक काका अजूनही तिथे खाण असल्यासारखंच बोलतात. वास्तविक तिथे तयार तांब्याचे कॅथोड वितळवून तारेसाठी लागणारी सळी काढतात. खाणी लांब आहेत: राजस्थानात खेत्री, झारखंडात सिंहभूम आणि आपल्या गोंदियाच्या पलीकडे, बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंड. मलाजखंडच्या खनिजात तांब्याचं प्रमाण साधारण एक टक्का, म्हणजे टनभर दगड फोडून जेमतेम दहा किलो तांबं. हे सांगितलं की काका म्हणतात, ‘‘असू दे हो, सरकारचा 66 टक्के हिस्सा आहे, बुडणार नाही.’’

माझ्याकडे शेअर नाहीत. नोकरीची बरीच वर्षं भूभौतिकी सर्वेक्षणाच्या छावण्यांत गेली, त्यामुळे बाजारातलं शून्य कळत असूनही कट्ट्यावर माझं मत विचारलं जातं.

मे 2024 मध्ये लंडनच्या बाजारात तांबं टनाला 11,000 डॉलरच्या वर गेलं, तेव्हा बोलण्याला फारच ऊत आला. त्याच सुमारास आमच्या इमारतीतला आयटीतला एक मुलगा फोन घेऊन कट्ट्यावर माझ्याकडे आला. त्याने ॲपवरून कॅनडातल्या एका छोट्या शोधकंपनीचे शेअर घेतले होते. कंपनीकडे खाण नाही, उत्पन्न नाही. आहे ती डोंगराळ जमीन आणि एक सादरीकरण. त्यात जमिनीचा उभा छेद दाखवला होता. कडेला निळा, मग हिरवा, पिवळा आणि मधोमध लालभडक डाग.

‘‘काका, हे तांबंच ना?’’

मी म्हटलं, ‘‘अरे, हा चार्जेबिलिटीचा नकाशा आहे.’’ त्याचा चेहरा पडला, म्हणून मी त्याला बसवून घेतलं.

असा नकाशा ज्या पद्धतीने काढतात, तिला इन्ड्यूस्ड पोलरायझेशन म्हणतात; आम्ही नुसतं आयपी म्हणायचो. जमिनीत लोखंडी सळया ठोकायच्या, त्यांच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं आणि जनरेटरवरून वीज सोडायची. दोन सेकंद चालू, दोन सेकंद बंद. दगडात धातूच्या सल्फाइडचे कण विखुरलेले असतील तर त्यांच्यावर थोडा विद्युतभार साठतो आणि वीज बंद झाल्यावर व्होल्टेज एकदम शून्यावर न येता हळूहळू उतरतं. ते उतरणं मोजायचं; तीच चार्जेबिलिटी. मोजणीसाठी सच्छिद्र मातीची भांडी असतात, त्यांत मोरचुदाचं द्रावण. द्राक्षबागायतदार फवारतात तोच मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार.

वाचायला हे सुटसुटीत वाटतं. छावणीत वीज सोडण्याआधी कुणीतरी ‘करंट!’ म्हणून ओरडायचं, आणि त्याच वेळी गावची गुरं तारांवरून चालत जायची. तारा कापून भंगारात विकल्याही जायच्या, कारण आतलं तांबं चांगल्या भावाचं. गावकऱ्यांची पक्की समजूत, की आम्ही गुप्तधन शोधतोय. शेतीची वीज आली की पंप सुरू व्हायचे आणि आकडे नाचायला लागायचे. लोडशेडिंगची आतुरतेने वाट पाहणारे महाराष्ट्रात बहुधा आम्हीच असू.

एका छावणीत फार जोरदार आकडे आले. वरिष्ठ खूश, संध्याकाळी कोंबडी शिजली. पुढे ड्रिलिंग झालं आणि नमुन्यांच्या पेटीत काळाकुट्ट, बोटाला लागणारा ग्रॅफाइटचा शिस्ट येऊन पडला. ग्रॅफाइटवरही विद्युतभार साठतो, काही चिकणमातींवरही साठतो. सगळ्यात सामान्य पाहुणा म्हणजे पायराइट, लोखंडाचं सल्फाइड, ज्याला बाजारात कुणी विचारत नाही. मुलाला मी हेच सांगितलं. पोर्फिरी प्रकारच्या मोठ्या साठ्यांत तर तांब्याच्या गाभ्याभोवती पायराइटचं कवच असतं, आणि सर्वांत मोठे आकडे पुष्कळदा त्या कवचावर येतात. तिथे लालाच्या ऐन मध्यावर भोक पाडणारा तांबं बाजूला ठेवून पायराइट काढत बसतो.

‘‘पण रंग तर लाल आहे.’’

रंग देणारा माणूस असतो. 20 मिलिव्होल्ट प्रति व्होल्टला लाल करायचं की 60 ला, हे संगणकासमोर बसलेला ठरवतो. मी चित्राच्या कडेची पट्टी मोठी करायला सांगितली, तर सादरीकरणात ती कापलेली निघाली. शिवाय असा छेद थेट मोजलेला नसतो. वरच्या आकड्यांवरून गणिताने उलटा काढलेला असतो आणि त्याच आकड्यांत बसतील असे वेगवेगळे छेद निघू शकतात. ओळींमधलं अंतर किती, किती खोलीपर्यंतचं खात्रीचं, जुनी भोकं कुठे, असे आणखी दोन-चार प्रश्न मी त्याला लिहून दिले. एकाचंही उत्तर त्या कागदांत नव्हतं.

बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, मग हे करायचंच कशाला?’’

करावं लागतं. खेत्रीत प्राचीन काळापासून तांबं काढलं गेलं, कारण ते वर दिसत होतं. असे दिसणारे साठे बहुतेक हाताळून झाले. उरलेले माती-दगडाखाली झाकलेले आहेत आणि आंधळेपणाने ड्रिलिंग करणं कुणाच्याच खिशाला झेपत नाही. आयपीमुळे भोक कुठे पाडायला नको हे पुष्कळ कळतं, आणि माझ्या मते पैसे त्याचेच वसूल होतात. महाराष्ट्राची अडचण तर कट्ट्यावरूनच दिसत होती. खारघरचा डोंगर बेसॉल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि राज्याचा बहुतेक भाग त्याखाली गाडलेला. आपलं तांबं सापडतं ते हा थर संपतो त्या पूर्वेच्या टोकाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासनाला चाल्कोपायराइटच्या, म्हणजे तांब्याच्या खनिजाच्या, शिरा आहेत. सरकारने 2017 पासून विमानातून चुंबकीय मोजणीची मोठी मोहीम हाती घेतली, आणि डिसेंबर 2023 मध्ये भूवैज्ञानिक माहितीचं राष्ट्रीय भांडार सगळ्यांसाठी उघडलं. मी हे सांगितल्यावर काकांनी लगेच विचारलं, की त्यात हिंदुस्थान कॉपरचं पुढच्या तिमाहीचं काही कळेल का.

मुलाच्या कंपनीने पावसाळ्यानंतर पहिल्या भोकाचा निकाल काढला. मथळ्यात ‘मोठ्या जाडीचं सल्फाइड’ होतं. त्याने मला पाठवताना चौथ्या परिच्छेदाखाली रेघ मारली होती. तिथे ‘प्रामुख्याने पायराइट’ असं लिहिलेलं होतं, तांब्याची टक्केवारी पुढे कळवू म्हणून. शेअर दोन दिवस वर गेला. त्याने वर असतानाच अर्धे विकले, उरलेले ठेवले. का ठेवले विचारलं तर म्हणाला, ‘‘काका, कंपनी आता कवचाच्या आतल्या बाजूला दुसरं भोक पाडतेय.’’

त्यावर मला लगेच काही बोलता आलं नाही. जागा बरोबर निवडली होती.