दोन झाकणं सुगंध म्हणजे नक्की किती?

घरी साबण करणाऱ्या मैत्रिणींचं मला नेहमी नवल वाटतं. कॉस्टिक सोडा त्या ग्रॅमवर मोजतात, खोबरेल ग्रॅमवर, पाणीसुद्धा काट्यावर ठेवून. आणि सुगंधी तेलाची पाळी आली की, "घाल गं दोन झाकणं!" तुम्हीही असंच करत असाल तर जरा ऐका.

झाकण, चमचा, थेंब ही मापं आकारमानाची. संत्र्याच्या सालीचं तेल हलकं असतं, एक मिलिलिटर साधारण 0.85 ग्रॅम भरतं. लवंगेचं तेल पाण्याहूनही जड, 1.05 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्याच मापाने 15 मिलिलिटर घेतलंत, तर एकाचं पावणेतेरा ग्रॅम होतं आणि दुसऱ्याचं पावणेसोळा. थेंबांचं तर विचारूच नका, ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो. आपल्याकडे अत्तर तोळ्यावर विकत, आणि तोळा हे वजनाचंच माप, 11.66 ग्रॅमचं!

एवढ्याने काय बिघडतं, असं वाटेल. गेल्या दिवाळीत एका प्रदर्शनातून आणलेला लवंगेचा साबण लावल्यावर माझ्या भाचीच्या हातांवर पुरळ उठलं. करणाऱ्या बाईंना विचारलं, तेल किती घातलं होतं? त्या अगदी मोकळेपणाने म्हणाल्या, "अंदाजाने." आता दोष लवंगेचा, की आणखी कशाचा? डॉक्टरांना सांगायला आमच्याकडे एक आकडासुद्धा नव्हता. लवंगेतलं युजेनॉल जास्त झालं तर त्वचेला झोंबतं, काहींना त्याची ॲलर्जीही असते. शिवाय लवंगेने साबणाचं मिश्रण बघता बघता घट्ट होतं, साच्यात ओतायलाही सवड मिळत नाही.

बरेच जण तेलांच्या वजनाच्या 3 टक्के सुगंध घालतात. 500 ग्रॅम तेलांना 15 ग्रॅम. पण हा आकडा सगळ्यांना सरसकट लावू नका. प्रत्येक सुगंधाची मर्यादा वेगळी असते, लवंगेची तर बरीच कमी. विक्रेत्याकडून त्या तेलाचं इफ्रा प्रमाणपत्र मागून घ्या आणि त्यात वर्ग 9 बघा, साबण त्यात येतो. तिथली टक्केवारी तयार मालाच्या वजनावर असते, नुसत्या तेलांच्या नव्हे. प्रमाणपत्र द्यायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून मी तरी तेल घेत नाही.

काटाही तसाच हवा. स्वयंपाकघरातला काटा पूर्ण ग्रॅमच दाखवतो. 2 ग्रॅम लवंगतेल मोजताना तो दीडलाही 2 म्हणेल आणि जवळजवळ अडीचलाही. त्यासाठी 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा खिशातला काटा घ्या. मोजताना पंखा बंद करा, वाऱ्याने आकडा नाचतो. आणखी एक गंमत: काही काटे फार सावकाश पडणारे थेंब धरतच नाहीत, आकडा आहे तिथेच राहतो. अशा वेळी वाटी उचलून परत ठेवा, खरं वजन दिसेल.

तेल थेट साबणाच्या पातेल्यात कधी ओतू नका, जास्त पडलं तर काढणार कसं? काचेची छोटी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि तिच्यात मोजा. प्लास्टिकची नको, काही प्लास्टिक या तेलांनी विरघळतं. वाटीला थोडं तेल चिकटून राहतंच. म्हणून मोजलेल्या खोबरेलातलं चमचाभर आधीच बाजूला ठेवते, त्याने वाटी विसळते आणि तेही पातेल्यात जातं.