अर्जदार क्रमांक २

पोटगीच्या अर्जाच्या पहिल्या पानावर अर्जदारांची नावे असतात. क्रमांक १ वर आई. क्रमांक २ वर मूल, नावापुढे वय आणि त्यापुढे ‘अज्ञान, पालनकर्ती आई अर्जदार क्र. १’. पान उलटले की बहुतेक अर्जांतून हे मूल नाहीसे होते. लग्न कधी झाले, हुंड्याचे किती राहिले होते, सासू काय बोलली, मारहाण कधी झाली, माहेरी आणून कोणी सोडले, हे सगळे तपशीलवार येते. मूल पुन्हा दिसते ते थेट शेवटी, विनंतीच्या कलमात, एका ओळीपुरते: ‘अर्जदार क्र. २ यांस दरमहा अमुक रुपये.’ ते अमुकच का, याचा हिशेब अख्ख्या अर्जात नसतो.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी विधी सेवा समितीच्या पॅनेलवर वकील म्हणून काम करते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला आणि मुलाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, म्हणून पोटगीची बरीच कामे आमच्याकडे येतात. ती करता करता माझे एक मत पक्के झाले. कागद एकच असला तरी अर्जदार क्रमांक २ चा अर्ज वेगळा असतो. कोण कोणाला सोडून गेले, चूक कोणाची, याच्याशी त्याचे काही देणेघेणे नाही. कायद्यानेही ही रेघ आखलेली आहे. पुरेशा कारणाशिवाय बायको नांदायला नकार देत असेल तर तिची पोटगी अडते. मुलाला तसली अट नाही. औरस असो की अनौरस, अज्ञान मुलाला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर ऐपत असलेल्या बापाने द्यायचे. १८९८ च्या संहितेत हे कलम ४८८ होते, १९७३ च्या संहितेत १२५ झाले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे.

तरी उलटतपासात सगळा वेळ आईवरच जातो. ‘तुम्ही स्वतःहून घर सोडलं हे खरं आहे काय?’ ‘नांदायला यायची नोटीस मिळाली होती, हे खरं आहे काय?’ या प्रश्नांची उत्तरे काहीही आली तरी सहा वर्षांच्या मुलाच्या दुधाचा खर्च कमी होत नाही. मी युक्तिवादात हे वाक्य जवळजवळ याच शब्दांत बोलते आणि पुन्हा पुन्हा बोलते.

पण नुसते बोलून भागत नाही, कागद लागतो. म्हणून पहिल्या भेटीत लग्नाची हकीकत विचारण्याआधी मी मुलाचा महिना विचारते. बाया चक्रावतात. ‘त्याला काय लागतंय म्याडम, आम्ही खातो तेच खातो.’ मग हळूहळू एकेक निघत जाते. शाळेला गावातून जीप आहे, तिचे महिन्याचे पैसे. वह्या, गाईड, गणवेश. दर पावसाळ्यात छातीत कफ होतो, तेव्हाचा दवाखाना. पायाचा पंजा वाढतो, म्हणून चप्पल वर्षभरही पुरत नाही. आई कामाला गेली की मुलाला आजी सांभाळते आणि त्यापायी आजीची मजुरी बुडते. ही बुडालेली मजुरी कोणी खर्चात धरत नाही, मी धरते. सगळे एका पानावर मांडून, जमतील त्या पावत्या लावून, ते पान मी अर्जाला जोडते. न्यायाधीशांसमोर दिवसभराचा बोर्ड असतो. लग्नाची सात पाने वाचायला त्यांना वेळ मिळेल न मिळेल, पण हिशेबाचे एक पान ते वाचतात आणि आदेशात उतरवतात, हा माझा अनुभव आहे. एके काळी केंद्रीय कायद्यात पोटगीला महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. २००१ च्या दुरुस्तीने ती काढली. मुलाच्या नावापुढे एक गोल आकडा टाकून मोकळे व्हायची सवय मात्र वकिलांच्या हातातून अजून गेलेली नाही.

दुसरी बाजू बापाच्या उत्पन्नाची. गैरअर्जदाराच्या म्हणण्यात ते बहुधा एका ओळीत संपते: ‘गैरअर्जदार हा मजूर असून त्यास उत्पन्नाचे कोणतेही साधन नाही.’ ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात निकाल दिला. ते प्रकरण आपल्याच नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेले होते. तेव्हापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. शहरातल्या लेखांत या निकालाची चर्चा पगाराच्या स्लिपा आणि आयकर विवरणांभोवती फिरते. आमच्या कामाचा भाग त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. ते शेती करणाऱ्यांसाठी आहे: जमीन किती, जिरायत की बागायत, पिके कोणती, मागच्या तीन वर्षांत उत्पन्न किती, दुसऱ्याची जमीन बटईने केली आहे काय. हे रकाने कोरे ठेवून शपथपत्र आले तर मी ते तसे जाऊ देत नाही. सातबारा बापाच्या बापाच्या नावावर असतो, हे तर ठरलेलेच. पण ऊस कोणाच्या नावाने कारखान्याला गेला, दुधाचे बिल कोणाच्या खात्यावर जमा होते, ट्रॅक्टर आरटीओच्या नोंदीत कोणाचा आहे, हे कोर्टामार्फत मागवता येते. कर्जाच्या अर्जाइतका बोलका कागद मी दुसरा पाहिलेला नाही. जो माणूस कोर्टात मजूर असतो, त्याने ट्रॅक्टरच्या कर्जासाठी स्वतःचे उत्पन्न सहीनिशी लिहून दिलेले असते.

कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम २० चे सहावे पोटकलम आहे. त्याप्रमाणे नवऱ्याला नोकरी देणाऱ्यालाच नव्हे, तर जो कोणी त्याला पैसे देणे लागतो त्यालाही कोर्ट सांगू शकते की ठरलेला भाग परस्पर बाईला दे किंवा कोर्टात भर. ज्या गावात पगार थोड्यांना आणि बिले पुष्कळांना मिळतात, तिथे या पोटकलमाचा उपयोग फार मोठा आहे. त्याचा अर्ज मात्र क्वचितच कोणी देतो.

आता ज्याच्याकडे खरेच काही नाही, त्याचे. आमच्या भागातली निम्मी कहाणी इथे येते. दसरा-दिवाळी झाली की गावे रिकामी होतात. माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी मोडली की दोघांचाही अर्धा कोयता होतो. तिला कोणी घेत नाही, घेतले तर भाऊ किंवा बाप सोबत लागतो. त्याचीही उचल निम्म्यावर येते. पोटगीचा खटला उभा राहतो तो या मोडलेल्या कमाईवर. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना, बायकामुलांना पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे आणि ते योग्यच आहे. पण अशा माणसाविरुद्ध मी मागताना येऊ शकेल इतकेच मागते. वर्षभर न येणाऱ्या मोठ्या आकड्यापेक्षा दर महिन्याला येणारा लहान आकडा मुलाच्या कामाचा असतो. उचल हे खरे तर उत्पन्न नव्हेच. सहा महिने उसाच्या फडात अंगाने फेडायचे ते कर्ज असते. हे न्यायाधीशांसमोर मांडताना मी कचरत नाही, कारण मुलाचा बाप कर्जात बुडाला तर मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

ऋतुमान सांभाळणे हा या कामातला मोठा भाग आहे. नोव्हेंबरात काढलेले समन्स पोलिसांच्या अहवालासह परत येते: ‘सदर इसम ऊसतोडीसाठी बाहेरगावी गेलेला आहे.’ बाईसुद्धा फडावर असते. ती तारखेला दिसली नाही तर अर्ज गैरहजेरीत काढून टाकला जाण्याची भीती. म्हणून हंगामाच्या आधी तिचे पुराव्याचे शपथपत्र दाखल करून घ्यायचे, हंगामातल्या तारखांना मी हजर राहायचे आणि उलटतपास पावसाळ्यात लागेल असे पाहायचे. वसुलीचा अर्ज मी भाद्रपदाच्या सुमाराला द्यायचा प्रयत्न करते, कारण माणूस गावात असतो आणि उचलीचे पैसे हातात यायचे असतात. पण आणखी एक घड्याळ चालू असते. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. बाया म्हणतात, ‘थोडं साचू द्या, मग एकदम मागू.’ साचू दिले तर मागचे महिने हातचे जातात. हे मी प्रत्येकीला आदेशाची नक्कल हातात देतानाच सांगते.

थकवले तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात जाऊन आला म्हणजे देणे फिटले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही, कैद हा वसुलीचा मार्ग आहे, फेड नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केले आहे. मला स्वतःला कैदेपेक्षा वॉरंटचा धाक अधिक उपयोगी वाटतो. पोलीस दारात आले की भाऊबंद गोळा होतात आणि निम्मी रक्कम त्याच दुपारी कोर्टात भरली जाते. आत गेलेल्याची मजुरी बुडते, ती मुलाचीच बुडते.

सगळ्यांत कठीण लढाई कधी कधी अर्जदार क्रमांक १ शी असते. ‘मला त्याचा रुपयाबी नको, म्याडम. मोकळं करा फक्त.’ बैठक बसते, बाँडवर फारकत लिहिली जाते, काही रक्कम हातात पडते आणि शेवटी एक वाक्य असते: मुलाच्या पोटगीचा हक्क आईने सोडला. तिच्या स्वाभिमानाचा मला आदर आहे. तिने काय सोसले ते मी ऐकलेले असते. पण ती स्वतःचे सोडू शकते, मुलाचे नाही, कारण ते तिचे नाहीच. मी तिला एवढेच विचारते, ‘तुझ्या नावावर नसलेलं वावर तू विकशील का?’ बहुतेकींना हे लगेच पटते. बापांनाही मी हीच गोष्ट उलट बाजूने सांगते. ‘पोराला भेटू देत नाही, मग पैसे कशाला देऊ?’ भेटीसाठी वेगळा अर्ज करा, मी विरोध करणार नाही. पण पैसे थांबवू नका.

पितृत्वच नाकारणारे थोडे असतात, पण त्यांनी केलेली जखम खोल जाते. पूर्वी डीएनए तपासणीची मागणी झाली की बायका रागाने म्हणायच्या, ‘करा, होऊन जाऊ द्या.’ २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, सांगितले की नवरा-बायकोच्या भांडणात मुलाची अशी तपासणी सहजासहजी करता येणार नाही. आपल्या जन्माविषयीची खाजगी बाब उघडी न होण्याचा हक्क मुलाला स्वतःला आहे. तो निकाल वाचताना मला फार बरे वाटले. क्रमांक २ ला तिथे कोणीतरी माणूस म्हणून पाहिले होते.

वय १८ झाले की या कलमाखालची पोटगी थांबते. अपंगत्वामुळे किंवा दुखापतीमुळे ज्याला निर्वाह करता येत नाही, त्याचा तेवढा अपवाद. म्हणजे बारावीची परीक्षा होते आणि खरा खर्च सुरू होतो, नेमका तेव्हाच बाप मोकळा. २०२३ साली संहिता नव्याने लिहिली गेली तेव्हा कलमाचा क्रमांक बदलला, ही ओळ तशीच राहिली. मला हे अन्यायाचे वाटते आणि मी ते प्रत्येक व्यासपीठावर बोलते. हिंदू अविवाहित मुलीला १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम २० आहे, पण त्यासाठी दिवाणी कोर्टात वेगळा दावा लावावा लागतो. मुलाला तेवढीही वाट नाही. म्हणून त्याच्या सतराव्या वर्षी मी तडजोडीसाठी बसते. आयटीआय किंवा पॉलिटेक्निक पूर्ण होईपर्यंतची फी बापाने भरायची, असे कलम लिहून घ्यायचा प्रयत्न करते. पैसे आईच्या हातात नकोत, या अटीवर अडलेले बाप फी परस्पर कॉलेजच्या खात्यावर भरायला पुष्कळदा तयार होतात. मग मी मागे लागून तडजोडीची पुरसीस त्याच दिवशी दाखल करते आणि दोघांच्या सह्या न्यायाधीशांसमोर घेते.