केपटाऊनला नेलेली वायर

शाळेचे निकाल लावून झाले आणि २०२३च्या मे महिन्यात आम्ही दोघे केपटाऊनला निघालो. पर्यटन हा हेतू नव्हता. तिथे आमच्या फुफी राहतात. नात्याने त्या आमच्या मरहूम अब्बांच्या चुलत बहीण. वय ब्याऐंशी. त्यांचा जन्म तिथलाच. त्यांचे वडील, म्हणजे आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, ऐन तारुण्यात बोटीने आफ्रिकेला गेले ते तिथलेच झाले. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावांतून अशी बरीच माणसे केपटाऊनला गेली. त्यांची मुलेनातवंडे आजही तिथे स्वतःला 'कोकणी' म्हणवतात.

या छोट्या आजोबांनी गावाकडे लिहिलेली एकतीस पत्रे आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत होती. सगळी उर्दूत, बारीक अक्षरात. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होती, तेव्हा बसल्या बसल्या आम्ही ती स्कॅन करून लॅपटॉपवर ठेवली. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ला चिपळूणला महापूर आला. पेटी खालच्या खोलीत होती. पाणी ओसरल्यावर उघडली तर आत चिखल आणि कागदाचा लगदा. लॅपटॉप माळ्यावर होता म्हणून वाचला. म्हणजे ती पत्रे आता जगात एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण म्हणजे आमचा म्हातारा लॅपटॉप. त्याची बॅटरी कधीच गेली होती. वायर लावली की चालू, काढली की बंद.

'तेव्हाच दुसरी प्रत का काढली नाही?' असे वाचक विचारतील. आम्हीही एकमेकांना तेच विचारतो आणि दोघांपैकी चूक कुणाची याचा निकाल अजून लागलेला नाही. मनात एवढेच होते, की फुफींना उर्दू बोललेली समजते पण वाचता येत नाही. तेव्हा पत्रे फोनवर पाठवण्यात अर्थ नाही, समोर बसून वाचून दाखवायची.

निघण्यापूर्वी मुंबईत आम्ही 'सर्व देशांत चालणारा' म्हणून एक अ‍ॅडॉप्टर घेतला. पांढरा, चौकोनी ठोकळा. बटण सरकवले की कधी अमेरिकेच्या पिना बाहेर येतात, कधी युरोपच्या, कधी इंग्लंडच्या. दुबईच्या विमानतळावर सहा तास थांबायचे होते. तिथे इंग्लंडच्या पिना काढून पाहिल्या. लॅपटॉप लागला. पत्रे जागच्या जागी होती. आम्ही निश्चिंत झालो.

केपटाऊनला उतरलो तेव्हा तिकडे हिवाळा सुरू होत होता. आपला मे आणि त्यांचा मे यांत जमीनअस्मानाचा फरक. वर टेबल माउंटन, म्हणजे नावाप्रमाणे पाटासारखा सपाट माथ्याचा हजार मीटरहून उंच डोंगर. त्याच्यावरून ढग पांढऱ्या चादरीसारखे खाली घसरत होते. फुफींचे घर रायलंड्स भागात आहे. दारात त्या काठी टेकून उभ्या होत्या. सलाम झाला, गळाभेट झाली, आणि पहिलाच प्रश्न आला, "अब्बांची पत्रं आणलीत?"

चहा होण्याआधीच आम्ही लॅपटॉप काढला आणि भिंतीकडे गेलो. तिथेच अडलो. भिंतीवरच्या सॉकेटला तीन गोल छिद्रे होती, पण बोट जाईल की काय असे वाटावे एवढी मोठी. आमच्या ठोकळ्यात अमेरिका होती, युरोप होता, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाही होते, पण दक्षिण आफ्रिका नव्हती. लॅपटॉपचा आपला भारतीय प्लग थेट लावून पाहिला, तर पिना बारीक आणि त्यांच्यातले अंतरही कमी. एक पिन समोर आणली की दुसरी भिंतीवर.

एक्स्टेन्शन बोर्डवर दोन पिनांची लहान छिद्रेही होती. ठोकळ्याचे युरोपचे पाय त्यांत बसले असते. पण मग तिसऱ्या पिनेला, म्हणजे अर्थिंगला, वाटच उरत नव्हती. आपल्याकडे अशा वेळी आपण काय करतो हे सांगायला नको. प्लग कापून उघड्या तारा छिद्रांत घालायच्या आणि काडेपेटीच्या काड्या खोचायच्या. ते आमच्याही मनात आले. पण एकतीस पत्रे आणि एकच लॅपटॉप. हात मागे घेतला.

"राहू दे," फुफी म्हणाल्या, "तसेही आता दिवे जाणार." आणि खरोखर दहा मिनिटांत दिवे गेले. त्या वर्षी तिथे भारनियमन जोरात होते. दिवसातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी दोन-अडीच तास. महाराष्ट्रातून आलेल्या माणसांना भारनियमन समजावून सांगावे लागत नाही. आम्ही मेणबत्तीच्या उजेडात चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी फुफींच्या सूनबाई आम्हाला बाजारात घेऊन गेल्या. पहिल्या दुकानात अ‍ॅडॉप्टरची भिंतच होती, पण ते सगळे उलट दिशेचे, आफ्रिकेतल्या माणसाला परदेशी जाताना लागणारे. दुसऱ्या दुकानातल्या वयस्कर माणसाने आमचे सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "चार्जरच्या ठोकळ्यातून भिंतीकडची वायर निघते का?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. पाच वर्षे ती वायर वापरत होतो, पण निघते का हे ठाऊक नव्हते. चार्जर तर घरीच राहिला होता. "मग आधी घरी जाऊन बघा," तो म्हणाला. "अ‍ॅडॉप्टर कशाला शोधता? वायर बदला."

परतताना सूनबाईंनी गाडी डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालयाकडे वळवली. फुफींचा जन्म याच डिस्ट्रिक्ट सिक्समधला. शहराच्या मध्याजवळची ही गजबजलेली वस्ती. सगळ्या रंगांची, सगळ्या धर्मांची माणसे तिथे शेजारी शेजारी राहत. ११ फेब्रुवारी १९६६ला तिथल्या गोऱ्या सरकारने हा भाग फक्त गोऱ्यांसाठी असल्याचे जाहीर केले. पुढच्या काही वर्षांत ६० हजारांहून अधिक माणसांना हलवण्यात आले आणि घरांवर बुलडोझर फिरले. भारतीयांना रायलंड्सला जावे लागले, त्यांत फुफींचे कुटुंबही होते. संग्रहालय १९९४ साली, वर्णभेदी राजवट संपली त्याच वर्षी, एका जुन्या चर्चच्या इमारतीत सुरू झाले. आत जमिनीवर त्या वस्तीचा मोठा नकाशा पसरलेला आहे आणि जुन्या रहिवाशांनी आपापल्या गल्लीवर आपली नावे लिहिली आहेत. फुफींनीही लिहिले आहे. आम्ही ओणवे होऊन ते शोधले.

तिथे उभे असताना आम्हाला कळले, की फुफी पत्रांची एवढी वाट का पाहतात. जन्मलेले घर जमीनदोस्त झाले. वडिलांचे गाव कधी पाहिलेच नाही. १९४६ साली भारताने वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. आपल्या पासपोर्टवर त्या देशाला बंदी असे. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध जुळले ते १९९३ साली. तोवर फुफींचे वडील निवर्तले होते आणि त्यांचे स्वतःचे गुडघे गेले होते.

घरी येऊन आधी चार्जर हातात घेतला. ठोकळ्याच्या टोकाला वायर घट्ट रुतून बसलेली. जरा ओढली, हलवली, आणि ती सहज निघून आली. आत तीन पाकळ्यांच्या फुलासारखे तोंड. फुफींचा नातू कॉलेजातून आला होता. त्याने पाहिले, काही न बोलता आपल्या खोलीत गेला आणि स्वतःच्या लॅपटॉपची वायर घेऊन आला. एका टोकाला तेच तीन पाकळ्यांचे तोंड, दुसऱ्या टोकाला ती धिप्पाड तीन पिनांची टोपी. आमच्या ठोकळ्यात ती अशी बसली जणू त्याच्याचसाठी केली होती. दीड दिवस आम्ही गावभर शोधत होतो ती वस्तू शेजारच्या खोलीत होती.

नातू वीजतंत्राचाच विद्यार्थी. त्याने सांगितले ते ऐकून आम्हाला गंमत वाटली. वीज दोन्हीकडे सारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. प्लगही एकाच घराण्यातले. इंग्रजांनी १९३४ साली गोल पिनांचे जे मानक ठरवले, त्यात लहानमोठे आकार होते. आपण पंखा, दिवा, टीव्हीसाठी लहान आकार ठेवला आणि गिझर, फ्रीजसाठी मोठा. दक्षिण आफ्रिकेने सगळ्यासाठी मोठाच ठेवला. खुद्द इंग्रजांनी १९४७ साली गोल पिना सोडून चपट्या पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग काढला. तोच पुढे आखाती देशांत रूढ झाला, म्हणून आमचा ठोकळा दुबईत चालला. म्हणजे आपल्याकडे ज्याला 'पॉवर प्लग' म्हणतात तोच केपटाऊनचा रोजचा प्लग. आपल्या बाजारात मोठ्या सॉकेटमध्ये लहान प्लग बसवण्याचा जो जोड मिळतो, तो खिशात टाकून नेला असता तरी काम झाले असते.

"म्हणजे तिकडचा धाकटा भाऊ, इकडचा थोरला," फुफी म्हणाल्या. "आमच्या घरात उलटं झालं. धाकटाच इकडे आला."

दिवे आठ वाजता येणार होते. आठला पाच मिनिटे असताना सगळे कुटुंब बैठकीच्या खोलीत जमले. दिवे आले, लॅपटॉप घरघरला, आणि पहिले पत्र पडद्यावर उघडले. आम्ही वाचायला सुरुवात केली. पावसाची चौकशी, भाताची चौकशी, कुणाच्या लग्नाचे विचारणे, पाठवलेल्या पैशांचा हिशेब. काही शब्द उर्दू होते, काही सरळ आपल्या गावचे. सूनबाई आणि नातवासाठी ते इंग्रजीत सांगत होतो.

अकरावे पत्र १९४१चे. छोट्या आजोबांनी आपल्या आईला लिहिले होते, की मुलगी झाली आहे. रंग तिच्या आईचा आहे, पण नाक तुमचे आहे. आमच्या घरात समुद्र ओलांडून तुमचे नाक आले.

आम्ही थांबलो. फुफींनी काठी बाजूला ठेवली आणि नाकाला हात लावला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पुन्हा वाचा." आम्ही पुन्हा वाचले. त्या रात्री ते पत्र चार वेळा वाचले. सगळी पत्रे संपायला तीन संध्याकाळी लागल्या, मध्ये मध्ये दिवे जात होते म्हणून. नातवाने पहिल्याच रात्री सगळ्यांच्या प्रती काढून चार ठिकाणी ठेवल्या. ते काम आम्ही तीन वर्षांपूर्वीच करायला हवे होते.

आता वाचक बंधुभगिनींसाठी थोडे कामाचे. आपल्यापैकी अनेक जण हज-उमऱ्याला, आखातात किंवा मुलांकडे परदेशी जातात. निघण्यापूर्वी चार्जरच्या ठोकळ्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. तिथे 'इनपुट'पुढे १००-२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे असेल, तर तो चार्जर जगात बहुतेक कुठेही चालतो. फक्त भिंतीकडची वायर बदलावी लागते. सौदी अरेबियात वीज ६० हर्ट्झची आहे, तरीही असा चार्जर तिथे चालतो, आणि प्लग चपट्या पिनांचा लागतो. जुन्या टेबलावरच्या संगणकाच्या मागे ११५ आणि २३० असे लाल बटण असते. ते आहे त्या देशाप्रमाणे नसेल तर संगणक जळू शकतो. मिक्सर, इस्त्रीचे तसे नाही. त्यांच्यावर २३० व्होल्टच लिहिलेले असेल, तर ११०-१२० व्होल्टच्या देशात ती नेऊच नयेत, कारण अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट नाही. तिसऱ्या पिनेची वस्तू दोन छिद्रांत कधी लावू नये. आणि वायर निघते का हे घरीच ओढून पाहावे.

निघताना नातवाने ती वायर आमच्या बॅगेत टाकली, "माझ्याकडे दुसरी आहे" म्हणून. आम्ही हसलो, गावी तिचा काय उपयोग? पण घरी आल्यावर पाहिले, तर स्वयंपाकघरात फ्रीजच्या शेजारी जो मोठा सॉकेट आहे त्यात ती अगदी नीट बसते. आता दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही लॅपटॉप तिथेच लावतो. आपल्याकडे साडेसात वाजले की तिकडे चार वाजतात, आणि त्या वेळी, दिवे असतील तर, फुफी पडद्यासमोर येऊन बसतात.