वाघबारशीचा मुक्काम

नगर जिल्ह्याचे नाव घेतले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो दुष्काळ. त्यात त्याचा दोष नाही. मी स्वतः पाथर्डी तालुक्यातला. आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा घेऊन निघून जातो. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे, आणि तिथे पाऊस म्हणजे घरजावई! मृगात आला की दसऱ्यापर्यंत हलण्याचे नाव नाही. नगर शहरी वर्षाकाठी वीस-बावीस इंच पडतो; घाटघर-रतनवाडीच्या अंगाला चांगल्या वर्षी दीडशे-दोनशे इंच. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचे कळसूबाई, याच तालुक्याच्या शिवेवर. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. ज्यांच्यावरून ते ठेवले त्या अहिल्यादेवींचे चौंडी मात्र आमच्याच कोरड्या बाजूला, जामखेड तालुक्यात.

संगमनेरला कॉलेजात असताना वसतिगृहात माझ्या खोलीत साम्रदच्या बाजूचा एक महादेव कोळी मुलगा होता. पुढे तो मास्तर होऊन नाशिकला गेला. “एकदा वाघबारशीला घरी ये,” हे त्याचे आमंत्रण चाळीस वर्षे शिळे होत होते. २०२३ च्या दिवाळीत ते फळाला आले.

नगरहून संगमनेर, अकोले, राजूर असे करीत एस. टी. चढत जाते. राजूरपर्यंत माणसे बसायला भांडतात. पुढे गाडी रिकामी होत जाते आणि खिडकीतून गार वारा आत येऊन बसतो. शेंडीला भंडारदऱ्याचे धरण. ते १९२६ साली पुरे झाले, आणि अजून तरण्या गड्यासारखे पाणी अडवून उभे आहे. तिथून एका जीपमध्ये आम्ही चौदा माणसे, एक कोंबडा आणि खताच्या दोन गोण्या असे रतनवाडीपर्यंत गेलो. ‘गेलो’ हा शब्द सौम्य आहे. माझा डावा पाय साम्रद येईपर्यंत माझा नव्हता. रतनवाडीला काळ्या दगडातले अमृतेश्वराचे देऊळ आहे. मागे रतनगड. त्याच डोंगरात प्रवरा जन्मते. जिच्या काठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ती नदी इथे एका ढांगेत ओलांडता येते.

घर कारवीच्या कुडाचे, शेणाने सारवलेले, वर कौले आणि एका अंगाला गंजके पत्रे. ओसरीला मित्राची आई बसलेली. वय तिला विचारले तर म्हणाली, “धरान बांधलं तवा माजी सासू टोपली वाहत व्हती. त्याच्यावरनं काय ते लावा.” मी गणित केले नाही. जेवायला नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि काळभात. हा भात नावाप्रमाणे सालीला काळसर, पण शिजू लागला की साऱ्या आळीला कळते. असली जुनी वाणे या तालुक्यात जी टिकली, त्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचा मोठा वाटा. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, हे आमच्या म्हातारीला ठाऊक होते. तिचे म्हणणे एवढेच की, बियाणे मडक्यात ठेवणाऱ्या सगळ्याच बायांना एकेक द्यायला हरकत नव्हती.

आपण ज्या दिवशी वसुबारस करतो, त्याच दिवशी इकडे वाघबारस. गाय पुजायची ती वाघाच्या भीतीपोटी, तर सरळ वाघालाच का पुजू नये, असा हा रोखठोक विचार. गावाच्या शिवेला वाघोबाचा दगड आहे. त्यावर वाघ कोरलेला, डोक्यावर चंद्र-सूर्य. गुराख्यांनी घरोघरचे तांदूळ-दूध जमवून तिथेच भात शिजवला. वाघोबाला नैवेद्य दाखवला. मग एका पोराला वाघ केले, आणि बाकीच्यांनी “आमच्या शिवारी येशील का?” असे विचारत त्याला माळभर पळवले. डांगी गाई उभ्या राहून हा तमाशा पाहत होत्या. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कातडी अशी तेलकट की पाऊस वरच्या वर निथळून जातो.

“आजी, आता वाघ आहे का रानात?” मी विचारले.

“पट्ट्याचा कवाच गेला. बिबट्या राहिला, त्यो बी खाली उसात गेला.” आणि बोळके हसून, “त्यो बी निघाला ऊसतोडीला!”

सगळे हसले. मला मात्र ते हसू घशातून उतरेना. कारण त्या उसाशी माझे जुने नाते आहे. इथल्या डोंगरावर पडणारा पाऊस भंडारदऱ्यात साठतो, कालव्यांनी खाली जातो आणि प्रवरेच्या पट्ट्यात ऊस उभा करतो. त्याच पाण्यावर १९५० च्या सुमारास लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तो ऊस तोडायला यायची आमची पाथर्डीची माणसे, माझे आईबापही. आम्ही पाणी नाही म्हणून निघत असू. पण ज्यांच्या डोक्यावर दोनशे इंच कोसळतो, त्यांनाही भात झोडून झाला की निघावे लागते, नारायणगावच्या बाजूला, भाजीच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांत. डोंगर पाणी धरीत नाही. चैत्रात इथल्या बाया हंडा घेऊन झरे धुंडाळतात. अन् पलीकडे घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प विजेसाठी तेच पाणी कड्याखाली सोडतो आणि पुन्हा वर उपसून घेतो. पाण्याला वर चढवणारे यंत्र आहे. बाईच्या डोक्यावरचा हंडा मात्र तिच्या मानेनेच चढतो.

रात्री शेकोटीपाशी घरातला बेत कळला. मित्राचा पुतण्या आणि त्याची बायको कार्तिकात नारायणगावला निघणार. पदरात दीड वर्षाचा मुलगा. त्याला सांभाळायला थोरली मुलगी न्यायची. ती आश्रमशाळेत सातवीला, सुट्टीवर आलेली. तिच्यासमोरच हे चालले होते. ती काठीने निखारे सारत होती. पुतण्या वाईट माणूस नव्हता. त्याने बोटांवर हिशेब मांडला. दोन मजुऱ्या आल्या तर पुढच्या पावसाआधी पत्रे बदलता येतात. एकच आली तर खाण्यालाच.

पाहुण्याने अशा वेळी गप्प बसावे, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. तरी मी बोललो. आईबाप उसाला गेले की मला आजी ठेवून घेई, म्हणून मी शिकलो, एवढेच सांगितले.

“तुज्या आजीकडं किती पोरं व्हती?” म्हातारीने विचारले.

“मला धरून चार.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ह्या दोघांला मी ठेवते.”

“धाकटं अंगावर पितंय अजून,” सून हळूच म्हणाली. आणि तिथे सगळे अडले. माझ्या गोष्टीत ही अडचण नव्हती. मित्राने पत्र्यांचे पैसे देऊ केले. पुतण्याने मान हलवली. “काका, मागच्या साली बी तुमीच दिले.” त्यावर मित्रालाही बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. सकाळी उठलो तो पुतण्या ओसरीवर विळ्यांना धार लावीत बसला होता. त्याने माझ्याकडे न पाहताच सांगितले की, संक्रांतीपर्यंत आपण एकटेच जाऊ. पत्रे राहू द्या पुढल्या साली. सून चुलीपाशी होती. तिच्या चेहऱ्यावरून आनंद झाला की काळजी वाढली, हे मला ओळखता आले नाही, बहुधा दोन्ही. मुलगी पाण्याला गेली होती. ती आली तेव्हा तिला कुणीच काही सांगितले नाही, पण दुपारी तिने आपली पत्र्याची पेटी उन्हात काढून पुसली, आतल्या वह्या उलटसुलट करून पुन्हा रचल्या.

निघताना म्हातारीने पदराआडून काळभाताची पुरचुंडी दिली. जीपमध्ये या खेपेला मला पुढे बसवले. कोंबडा नव्हता.

२०२४ च्या आषाढात मित्राचा फोन आला. मुलगी आठवीत गेली होती. घर मात्र तीन ठिकाणी गळत होते, आणि म्हातारीने आपली वाकळ चुलीजवळ सरकवली होती. तिने माझ्यासाठी निरोप ठेवला होता: दिवाळीला येताना नगरहून प्लास्टिकचा जाड कागद आणा, वीस फुटी, निळा, इकडचा एका पावसात फाटतो.