धुरा आणि पृथ्वी

धानाच्या बांधीचा धुरा माणसाला काय काय शिकवील, सांगता येत नाही. मला त्याने आधी भांडायला शिकवलं आणि परवा भूगोल. भंडारा जिल्ह्यातली आमची वडिलोपार्जित शेती दोघा भावांत वाटली गेली आणि मधल्या धुऱ्यापायी मी आणि दादा सहा वर्षं बोललो नव्हतो. शेवटी मोजणी मागवली.

मोजणीदार अगदी पोरसवदा. हातात साखळी नाही, काही नाही. एक काठी आणि तिच्या टोकाला टोपीसारखं यंत्र.

"जागा उपग्रह सांगतात जी," तो म्हणाला. "वीस हजार किलोमीटरवरून निरोप यायला सेकंदाचे सात शतांश लागतात. पण तेवढ्यात पृथ्वी फिरते ना! आपला भंडारा सेकंदाला सुमारे 430 मीटर पूर्वेला पळतो. निरोप पोचेस्तोवर आपण 30 मीटर पुढे!"

मी घाबरून धुऱ्यावर बसूनच घेतलं.

"हे हिशेबात धरावं लागतं. सान्याक परिणाम म्हणतात याला. फ्रान्सच्या जॉर्ज सान्याकनं 1913 साली फिरत्या चकतीवर प्रकाश खेळवून तो दाखवला."

मला आधी 'सणक' ऐकू आलं. धुऱ्याच्या भांडणात तीच तर असते.

"आणि नाहीच धरलं तर?"

"शेत 30 मीटर पूर्वेला दिसेल."

पूर्वेला दादाची बांधी! मी आवाज उतरवून म्हटलं, "मग राहू द्या की. एवढ्याशा गोष्टीसाठी यंत्राला कशाला त्रास?"

"पण भाऊ, त्यांचंही शेत तेवढंच सरकेल."

म्हणजे अख्खा भंडारा जिल्हा, 1999 साली वाटणी घेऊन निघालेल्या गोंदियाच्या अंगावर! भाऊबंदकीत एवढंच व्हायचं राहिलं होतं.

ही दुरुस्ती यंत्र मुकाट्याने करून टाकतं. माणसाला मात्र ते जमत नाही. निकाल लागला. धुरा खरोखरच सरकला होता. वीतभर, आणि दादाच्या हद्दीत. इथे पृथ्वीवर आळ घेण्याची सोय नव्हती. दरसाल धुऱ्याला माती मीच लावत होतो.

दादा पलीकडे छत्री टेकून उभा होता. काही न बोलता तो घराकडे वळला. मी बघत राहिलो. सहा वर्षं आम्ही तोंडं फिरवून बसलो होतो, आणि ही बाई दोघांनाही एकाच वेगाने घेऊन धावत होती.

दादाचं घर पूर्वेलाच आहे. पृथ्वीही तिकडेच निघाली होती. म्हटलं, सोबत आहे तोवर जाऊन यावं.