आणि, किंवा, नाही

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेसाठी इतिहासाविषयीच लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असणार. परंतु पन्नाशी उलटल्यावर आम्हांस जो धडा मिळाला, तो संगणकाच्या खोलीत मिळाला. संगणकाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले आणि आठवीचा तास आमच्याकडे आला. रात्री आम्ही पायथन भाषेचे पुस्तक वाचावे आणि सकाळी तेच मुलांना शिकवावे, असा क्रम सुरू झाला.

अटींच्या पाठासाठी आम्ही आमच्याच विषयातले उदाहरण घेतले: लीप वर्ष ओळखणे. वर्षाला चाराने भाग गेला तर लीप वर्ष, नाहीतर साधे वर्ष. इफ आणि एल्स मिळून चार ओळींचे काम. परंतु १९०० हा आकडा घालताच संगणकाने तेही लीप वर्ष ठरवले. तेथे आमचा इतिहास उपयोगी पडला. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी दिनदर्शिका सुधारली, तेव्हापासून शतकपूर्तीच्या वर्षाला चारशेने भाग गेला तरच ते लीप वर्ष धरतात. मग अट अशी झाली: चाराने भाग जातो ‘आणि’ शंभराने जात नाही, ‘किंवा’ चारशेने जातो. मुलांनी १९००, २०००, २०२३ आणि २०२४ अशी चारही वर्षे घालून पाहिली. एका वर्षाचे उत्तर बरोबर आले म्हणून अट बरोबर ठरत नाही, हे त्यांना तेथेच उमगले.

पुढच्या तासाला मुलांनीच उदाहरण सुचवले: वसतिगृहातील रजा. पालक स्वतः आले किंवा त्यांचे पत्र आले, आणि परीक्षा नसेल, तर रजा मिळते. हे वाक्य जसेच्या तसे लिहिले, तर पालक आले की परीक्षेच्या दिवशीही रजा मंजूर होऊ लागली! मुले हरखली. आपण बोलताना स्वल्पविरामापाशी थांबतो. पायथन थांबत नाही. तो आधी ‘नॉट’, मग ‘अँड’ आणि शेवटी ‘ऑर’ पाहतो. ‘पालक किंवा पत्र’ एवढ्या भागाला कंस घालताच दोष गेला. तीन गोष्टी, प्रत्येकीचे उत्तर होय किंवा नाही. म्हणून आम्ही फळ्यावर आठ ओळींचा तक्ता मांडला.

त्यातली एक ओळ वाचताना आमचा आवाज अडखळला. पालक आले नाहीत, पत्र आले आहे, परीक्षा नाही: रजा मंजूर.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही वसतिगृहाचे काम पाहत असताना नेमक्या याच ओळीतला एक मुलगा आमच्यासमोर उभा होता. त्याची आजी वारली होती. आई ऊसतोडीच्या फडावरून थेट गावी निघाली होती. अंगठा उठवलेले पत्र तिने टोळीतल्या माणसाबरोबर पाठवले होते. नियमात ‘किंवा’ होते. आम्ही ते ‘आणि’ असे वाचले. आईने स्वतः यावे, असे सांगून त्याला वर्गात धाडले. तो काही न बोलता गेला.

धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी केवळ एका कारणावरूनही राज्याला नागरिकात भेदभाव करता येत नाही, हे संविधानाचे कलम १५ शिकवताना त्यातील ‘किंवा’ आम्ही दरवर्षी अधोरेखित करत आलो. तोच शब्द आमच्या हातच्या कागदावर मात्र आम्हांस दिसला नाही.

तो मुलगा आज स्वतः पालक असेल. ही स्मरणिका त्याच्या हाती पडली, तर त्याने एवढे जाणावे, की नियम त्याच्या बाजूने होता. चूक आमच्या वाचण्यात होती. आता आठवीची मुले अट लिहिण्याआधी तक्ता मांडतात आणि त्यातील प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतात. आम्हीही त्यांच्याबरोबर वाचतो.